पुस्तकातल्या मालकीच्या चिठ्ठीला मराठीत काय म्हणायचं?

सुरसागरकाठ

नमस्कार मंडळी.

बडोद्याच्या दांडिया बाजारातलं आमचं माहेरचं घर दिवाळीनंतर पाडायला जाणार आहे. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांची साडेसहाशे पुस्तकं आम्ही तिघं भावंडं दर शनिवारी बसून आवरतोय. काही माझ्याकडे येतील, काही भावांकडे, बरीचशी वाचनालयाला द्यायची आहेत.

मागच्या शनिवारी ज्ञानेश्वरीची जुनी प्रत उघडली, तर पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवलेली. तीन बोटं रुंद, चार बोटं उंच. काळ्या शाईतली समई, भोवती दुहेरी चौकट, चौकटीची रेघ डाव्या कोपऱ्यात जराशी तुटलेली. समईखाली आजोबांचं पूर्ण नाव, त्याखाली ‘यांचे संग्रही’ आणि अगदी तळाला ‘बडोदें’, द वर मात्रा आणि अनुस्वार दोन्ही. बोट फिरवलं की अक्षरं कागदात दबलेली लागतात. वरचा कोपरा कसरीनं खाल्लाय. मग बाकीची जुनी पुस्तकंही उघडून पाहिली. अकरा पुस्तकांत तीच चिठ्ठी, आणि अकराही ठिकाणी रेघ तिथेच तुटलेली.

मनात आलं, पुस्तकं तीन घरांत विखुरण्याआधी बाबांच्या नावाची अशीच चिठ्ठी प्रत्येकात लावावी. रावपुऱ्यात एका छापखान्यात गेले. त्यांनी विचारलं, “काय छापायचंय?” मी म्हटलं, “ते पुस्तकात आतून चिकटवतात ना, नावाचं.” ते म्हणाले, “स्टिकर?” मी म्हटलं, नाही. “मग लेबल?” तेही नाही. इंग्रजीत बुकप्लेट म्हणतात हे ठाऊक होतं, पण आजोबांच्या त्या समईला बुकप्लेट म्हणवेना. काहीच न छापता परत आले.

याला आपला शब्द कोणता? आणि त्यावर लिहावं काय? मालक तर आता नाही.

रावपुरेकर

ताई, या वस्तूला जगभर ‘एक्स लिब्रिस’ म्हणतात. लॅटिन आहे, अर्थ ‘अमक्याच्या पुस्तकांपैकी’. सुरुवात जर्मन मुलखात झाली, पंधराव्या शतकात. छपाई नवी होती, पुस्तक महाग होतं, ते हरवणं म्हणजे घरातला दागिना हरवण्यासारखं.

त्यातली एक फार जुनी चिठ्ठी हान्स इग्लर नावाच्या धर्मगुरूची. ‘इगेल’ म्हणजे साळूसारखे अंगभर काटे असलेला छोटा प्राणी. चिठ्ठीवर तो प्राणी तोंडात फूल धरून उभा आहे आणि वर लिहिलंय की हा तुझा मुका घेवो. नावावरची कोटीही झाली आणि पुस्तक ढापणाऱ्याला तंबीही.

दुसरी साधारण १४८० ची, हिल्डेब्रांड ब्रांडेनबुर्ग याची. देवदूतानं ढाल धरली आहे, ढालीवर बैल. लाकडी ठशावर छापून हातानं रंगवलेली. त्यानं बुक्सहाइमच्या मठाला पुस्तकं दान केली, त्या पुस्तकांत ती लावलेली होती. म्हणजे सगळ्यांत जुन्या चिठ्ठ्यांमध्येही एक दान दिलेल्या पुस्तकांची आहे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाशी याचा संबंध आहे असं मला वाटतं.

शब्द म्हणून ‘ग्रंथमुद्रा’ सुचवतो.

मोडीवाचक

ग्रंथमुद्रा ऐकायला भारदस्त आहे, पण ‘मुद्रा’ म्हटलं की मुद्रण, मुद्रक, मुद्रितशोधन डोळ्यांपुढे येतं. शिवाय मुद्रा उमटवायची असते, चिकटवायची नसते.

आपल्या दफ्तरांत यासाठी दोन नेमके शब्द आहेत. पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि शेवटी मोर्तब. ‘मोर्तब सुद’ लिहून छोटा ठसा उमटला की मजकूर तिथे संपला, पुढे कोणी अक्षर घुसडू शकत नाही. शिवाजी महाराजांच्या पत्रांत वर ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ आणि खाली ‘मर्यादेयं विराजते’ असतं ते यासाठीच. मी ‘ग्रंथमोर्तब’ असा शब्द सुचवणार होतो, लिहिताना थांबलो. मोर्तब शेवटी असतं आणि ही चिठ्ठी पुस्तक उघडल्या उघडल्या दिसते. जागेप्रमाणे पाहिलं तर हा शिक्काच. पण शिक्का म्हटलं की आज लोकांना रबरी शिक्का आणि जांभळी शाई आठवते. तेव्हा माझी दोन्ही नावं मीच मागे घेतो.

जुनी_पोथी

फार चांगला धागा.

आपल्याकडे चिठ्ठी नव्हती, पण पुस्तक कोणाचं हे पुस्तकातच सांगायची रीत खूप जुनी आहे. हस्तलिखिताच्या शेवटी पुष्पिका असते. कोणी लिहिलं, कोणत्या शकात, कोणत्या गावी आणि कोणासाठी. त्या ‘कोणासाठी’च्या जागी पुष्कळदा ‘स्वार्थं परार्थं च’ असं येतं. स्वतःसाठी आणि दुसऱ्यांसाठी.

आता गंमत बघा. न्यूरेंबर्गचा पिर्कहायमर हा मोठा विद्वान. त्याच्या पुस्तकांसाठी १५०० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ड्यूरर या चित्रकारानं चिठ्ठी कोरून दिली. तिच्यावर माथ्याला हिब्रू, ग्रीक आणि लॅटिन अशा तीन भाषांत वचन आहे, आणि मालकाच्या नावाशी लॅटिनमध्ये शब्द आहेत ‘स्वतःसाठी आणि मित्रांसाठी’. आपल्या लेखनिकांना तो ठाऊक नव्हता, त्याला आपले लेखनिक ठाऊक नव्हते. तरी दोघांनी पुस्तकाविषयी एकच गोष्ट लिहून ठेवली. हे मला पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी बराच वेळ नुसता बसून होतो.

आणि हा श्लोक तर पोथ्यापोथ्यांतून भेटतो:

तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेद्रक्षेच्छिथिलबन्धनात् ।
मूर्खहस्ते न दातव्यमेवं वदति पुस्तकम् ॥

तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका, असं पुस्तक बोलतं. बोलणारं स्वतः पुस्तक आहे, मालक नाही. चिठ्ठीवर काय लिहावं याचा विचार करताना हे ध्यानात घ्या.

पुस्तकालय_निवृत्त

मी एका सार्वजनिक ग्रंथालयात अठ्ठावीस वर्षं काढली. कोणत्या ते सांगत नाही, कारण पुढे तक्रारही लिहिणार आहे.

आधी एक फरक नीट करू या. ग्रंथालयाच्या पुस्तकात तीन गोष्टी असतात. एक, कण्यावरचं वर्गांकाचं लेबल. दोन, शिक्का, तोही एका ठरलेल्या आतल्या पानावर, म्हणजे कोणी पहिलं पान फाडलं तरी पुस्तक ओळखू येतं. तीन, तारखा टाकायची परतीची चिठ्ठी. या तिन्ही कारभाराच्या गोष्टी. ताईंच्या आजोबांची चिठ्ठी या तिन्हींत बसत नाही. तिच्यात चित्र आहे, निवड आहे, माणूस आहे. म्हणून ‘लेबल’ शब्द नको हे त्यांचं म्हणणं अगदी बरोबर.

बडोद्यात हा प्रश्न निघावा याचा आनंद वाटतो. १९१० साली सयाजीराव महाराजांनी बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून मध्यवर्ती पुस्तकालय उभं केलं. त्याचा पाया म्हणजे राजवाड्यातला महाराजांचा खासगी संग्रह, वीस हजारांच्या घरातला. एका माणसाची पुस्तकं सगळ्या शहराची झाली. खेड्यांना पेट्यांतून फिरती पुस्तकालयं जायची. १९१२ साली इथून ग्रंथालयांवरचं नियतकालिक निघालं, ते इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. मांडवीजवळच्या त्या इमारतीत आजही लोखंडी मांडण्यांच्या मजल्यांमध्ये जाड काचेची जमीन आहे, वरचा उजेड खालच्या पुस्तकांपर्यंत पोचावा म्हणून. मी पहिल्यांदा त्या काचेवर पाऊल ठेवलं तेव्हा चप्पल बाहेर काढून आलो होतो. कोणी सांगितलं नव्हतं.

शब्दांचंही तेच. १९३१ साली इथे ‘श्रीसयाजी शासन शब्दकल्पतरु’ छापला गेला. राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांना मराठी, गुजराती, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली प्रतिशब्द एका ओळीत. ज्या शहरानं एकेका शब्दासाठी एवढा खटाटोप केला, त्या शहरातल्या छापखान्यात ताईंना शब्दावाचून परत यावं लागलं, हे मनाला लागलं.

आता तक्रार. आमच्या ग्रंथालयाला एका शिक्षकांच्या घरून तीनशे पुस्तकं आली होती. प्रत्येकात त्यांच्या हस्ताक्षरात चिठ्ठी, पुस्तक कधी आणि कुठे घेतलं ते लिहिलेलं. वरून हुकूम आला की जुन्या मालकाच्या खुणा काढा, नोंदीत घोळ होतो. मी ओल्या फडक्यानं त्या चिठ्ठ्या सोडवल्या. पंचवीस-तीस तर सोडवतानाच फाटल्या. बारा वर्षांनी त्यातली निम्मी पुस्तकं रद्दीत निघाली आणि ती कोणाची हे सांगायला काहीच उरलं नव्हतं. मी त्या वेळी नाही म्हणायला हवं होतं.

ताई, वाचनालयाला पुस्तकं देताना आधी लेखी विचारा की चिठ्ठी ठेवणार का. ठेवणार नसतील तर दुसरं वाचनालय बघा.

सुरसागरकाठ

काका, वाचून काय लिहावं कळेना. तुम्ही हे सांगितलंत म्हणून आज दोन वाचनालयांना फोन केले. एकानं ‘बघू’ म्हटलं. दुसऱ्या बाई म्हणाल्या, “चिठ्ठी असलेलीच आधी द्या, आम्ही त्यांचं वेगळं कपाट करतो.” त्यांनाच देणार.

कोरीव

फाइन आर्ट्सला छापचित्रण शिकले, आता घरीच लिनोवर, म्हणजे ठसा कोरायच्या मऊ लिनोलियमवर, काम करते. तुमच्या चौकटीची रेघ अकराही प्रतींत एकाच जागी तुटलेली आहे, यावरून कळतं की सगळ्या एकाच ठशावरून निघाल्या. अक्षरं दबलेली लागतात म्हणजे उठावाचा ठसा, दाब देऊन छापलेला. त्या कोपऱ्यात बहुतेक ठशाचा टवका उडाला असेल. नवी करताना ती तुटकी रेघ सरळ करू नका ही माझी विनंती.

ऑफसेटवर साडेसहाशे छापणं सोपं आहे, तसं करा. पण निदान आजोबांच्या अकरा पुस्तकांच्या शेजारी बसतील अशा थोड्या हातानं छापता येतील. लिनोवर देवनागरी कोरताना नाव उलटं कोरावं लागतं. आरशात दिसतं तसं. शिरोरेघ डावीउजवीकडे सारखीच असल्यामुळे फसवते, तिच्या भरवशावर हात पुढे जातो आणि वेलांटी चुकीच्या बाजूला कोरली जाते. म्हणून आधी ट्रेसिंग कागदावर नाव सुलट लिहायचं, कागद पालथा घालून लिनोवर उतरवायचं, आणि कोरण्याआधी आरसा धरून एकेक अक्षर वाचायचं. ‘ही’ मधली दीर्घ वेलांटी आणि ‘ग्र’ मधली तिरकी रेघ सगळ्यांत शेवटी, कारण तिथे लिनो पातळ राहतो आणि तुटतो. शाई तेलाची. प्रेस नसेल तर कागद ठेवून मागून चमच्याच्या पाठीनं घासलं तरी छाप स्वच्छ येते.

समई मी कोरून देईन. पैसे नकोत.

खळ_आणि_पुठ्ठा

आमचं तीन पिढ्यांचं बांधणीचं काम. चिकटवण्याबद्दल सांगतो, कारण पुस्तकं तिथेच बिघडतात.

मागे चिकट असलेला तयार स्टिकर अजिबात नको. काही वर्षांत त्याचा गोंद पिवळा होऊन कागदात उतरतो. सेलोटेप तर लांबच ठेवा. मैद्याची नाहीतर तांदळाची खळ करा. मैदा थंड पाण्यात गुठळी न होता कालवायचा, मंद आचेवर चमकदार होईस्तोवर ढवळायचं, गार झाली की फडक्यातून गाळायची. आमचे आजोबा किड्यांसाठी तिच्यात मोरचूद टाकायचे. मी टाकत नाही. मोरचुदातलं तांबं पुढे कागद खातं, हिरवट डाग पडलेली जुनी बांधणी मी कितीतरी उसवली आहे. त्यापेक्षा खळ रोज ताजी करा आणि उरली तर फेकून द्या.

कागदालाही वळण असतं. चिठ्ठीचा तुकडा किंचित ओला करा, तो एका दिशेला गुंडाळेल. त्या नळीची लांबी ज्या दिशेला, ती पुस्तकाच्या कण्याला समांतर यायला हवी. उलट झालं तर चिठ्ठी सुरकुतते आणि पुठ्ठाही ओढते. खळ पातळ लावायची, चिठ्ठी बसवायची, वर टिपकागद, त्यावर वजन, रात्रभर.

आणि हे काम पावसाळ्यात काढू नका. आपल्याकडे श्रावणात कपाटातलं पुस्तकसुद्धा ओलसर लागतं, ओली खळ तर आठ दिवसांत बुरशी धरेल. दसरा होऊ द्या.

नवापुरा

सगळं वाचलं. मी भाषेची शिक्षिका आहे, म्हणून शब्दाकडे परत येते.

रावपुरेकरांनी ‘एक्स लिब्रिस’चा अर्थ सांगितला, त्यातच उत्तर आहे असं मला वाटतं. ते त्या वस्तूचं नाव नव्हतंच. ते चिठ्ठीवर छापलेले शब्द होते, ‘अमक्याच्या पुस्तकांपैकी’. लोक ते शब्दच वस्तूला म्हणू लागले. त्याचं भाषांतर करून ग्रंथमुद्रा, ग्रंथचिन्ह, स्वामित्वपत्र असे शब्द घडवत बसलो तर ते कोशात राहतील, छापखान्यापर्यंत पोचणार नाहीत.

आपली भाषाही वस्तूला तिच्यावरच्या अक्षरांनी हाक मारते. मुलाला पाटीवर पहिल्यांदा ‘ॐ नमः सिद्धम्’ गिरवायला लावायचे, त्याचा ‘ओनामा’ झाला. पोथीच्या आरंभी ‘श्रीगणेशाय नमः’, म्हणून कामाचा ‘श्रीगणेशा’. ‘हरी ओम्’ सुद्धा तसंच.

मग ताईंच्या आजोबांच्या चिठ्ठीवर शब्द आहेच की. *संग्रही*. अमक्याचे संग्रही. त्या चिठ्ठीलाच ‘संग्रही’ म्हणू या.

मोडीवाचक

सुंदर. पण एक शंका. ‘संग्रही’ म्हणजे जमवून ठेवणारा, असाही अर्थ होतो. संग्रही वृत्तीचा माणूस म्हणतो आपण. वाचणारा गोंधळणार नाही का?

नवापुरा

‘सही’ म्हणजे स्वाक्षरी आणि ‘सही’ म्हणजे खरं, दोन्ही नांदतात ना. ‘या पुस्तकात संग्रही लावली आहे’ असं वाक्य कानावर पडलं की अर्थ आपोआप कळतो. चिठ्ठी, पावती, सही या सगळ्या स्त्रीलिंगी, म्हणून ‘ती संग्रही’. अनेकवचन नियमानं ‘संग्रह्या’ होईल, ते जिभेला जड जातं. मी तरी ‘दोन संग्रही’, ‘शंभर संग्रही’ असंच म्हणेन.

जुनी_पोथी

मला पटलं. दुसरी एक गोष्ट. तंजावरचे सरफोजी राजे, आपलेच भोसले. त्यांनी जमवलेल्या इंग्रजी पुस्तकांवर त्यांची स्वतःच्या हातची इंग्रजी सही आहे, सरस्वती महाल ग्रंथालयात ती पुस्तकं अजून आहेत. ‘संग्रही’ हा शब्द अशा मराठी माणसालाही शोभला असता.

मजकुराविषयी: मालक नाही म्हणून नाव गाळू नका. संग्रह कोणाचा होता हे लिहिणं म्हणजे मालकी सांगणं नव्हे.

रावपुरेकर

ग्रंथमुद्रा मागे घेतली. संग्रहीला माझंही मत.

पुस्तकालय_निवृत्त

मजकुरात एक ओळ रिकामी सोडा. नुसती रेघ. पुस्तक पुढे ज्याच्याकडे जाईल त्यानं आपलं नाव हातानं लिहावं. मी सोडवलेल्या त्या चिठ्ठ्यांवर अशी जागा असती तर कदाचित वरच्यांना समजावता आलं असतं की ही खूण जुनी नाही, अजून चालू आहे.

सुरसागरकाठ

दसरा होऊन पंधरा दिवस झाले. सांगायला आले.

कोरीवताईंनी समई कोरली, तुटकी रेघ तशीच ठेवून. त्यांच्या घरी बसून आम्ही तिघा भावंडांनी चाळीस छापल्या. धाकट्या भावाचा चमचा पहिल्या दोन प्रतींवर घसरला, त्या त्यानं स्वतःच्या पुस्तकांसाठी ठेवून घेतल्या. बाकीच्या सहाशे दहा त्याच ठशावरून रावपुऱ्यात छापायला दिल्या.

मजकूर असा ठरला. वर समई. खाली बाबांचं नाव, ‘यांचे संग्रही’. त्याखाली लहान अक्षरांत ‘स्वार्थं परार्थं च’. मग रिकामी रेघ. तळाला ‘बडोदें’, अनुस्वारासकट.

खळ मी बांधणीवाल्यांनी सांगितली तशी केली. पहिल्यांदा गुठळ्या झाल्या, दुसऱ्यांदा जमली. पहिली संग्रही त्याच ज्ञानेश्वरीत लावली, आजोबांच्या चिठ्ठीसमोरच्या कोऱ्या पानावर. ते पुस्तक माझ्याकडे आलंय, म्हणून रेघेवर माझं नाव लिहायला पेन उचललं होतं. मग थोरला भाऊ म्हणाला, लेकीचं लिही. तिचं लिहिलं.

काल छापखान्यातून फोन आला. “ताई, तुमच्या संग्रही तयार आहेत, कधी नेताय?” मी त्यांना तो शब्द फक्त एकदा, ऑर्डर देताना सांगितला होता. आणायला गेले तर खाकी पुडक्यावर निळ्या पेननं लिहिलेलं होतं: संग्रही, ६१० नग.